घाट उतरताना गाडी न्यूट्रलवर सोडावी की गिअरमध्ये ठेवावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घाट उतरताना गाडी न्यूट्रलवर सोडली की पेट्रोल वाचते, असे घरातले अनुभवी चालक सांगतात. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मात्र गाडी गिअरमध्ये ठेवूनच उतरायला शिकवतात. आणि गिअरमध्ये उतरू लागले की इंजिनाचा चढलेला आवाज ऐकून इंजिनाचे आयुष्य कमी होत असेल अशी शंका येते. गाडी मॅन्युअल गिअरची आहे आणि प्रवास नेहमीचा घाटातला आहे. मी बरीच वर्षे गाड्यांचे ब्रेक आणि क्लच दुरुस्त करत आलो आहे आणि नव्या चालकांना घाटात गाडी चालवायला शिकवतही आलो आहे. त्या आधारावर उत्तर देतो.

ज्या उतारावर वेग आवरण्यासाठी ब्रेकवर पाय ठेवावा लागणार आहे, त्या उतारावर गाडी गिअरमध्येच हवी. तिथे न्यूट्रलने सुरक्षितता तर जातेच, शिवाय आजच्या गाडीत इंधनही वाचत नाही. जिथे ब्रेकची गरजच पडणार नाही अशा जवळजवळ सपाट रस्त्यावर न्यूट्रलने थोडे इंधन वाचू शकते, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. मात्र ती बचत इतकी किरकोळ असते की मी ती कोणाला शिकवत नाही.

आधी इंधनाचा हिशेब मांडू, कारण सगळा समज त्यावरच उभा आहे. इंधन इंजेक्शन असलेल्या गाडीत तुम्ही गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला आणि इंजिनाचे फेरे ठरावीक मर्यादेच्या वर असले, तर गाडीचा संगणक इंजेक्टर, म्हणजे इंधन फवारणाऱ्या तोट्या, बंद करतो. ही मर्यादा गाडीगणिक बदलते, पण बहुधा १,२०० ते १,५०० आरपीएमच्या आसपास असते. या वेळी इंजिनाला उतारावरून घरंगळणारी चाकेच फिरवत असतात, त्यामुळे त्याला इंधनाची गरज उरत नाही. न्यूट्रल टाकला की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो आणि इंजिन बंद पडू नये म्हणून संगणकाला पुन्हा इंधन द्यावे लागते. लहान पेट्रोल गाडी नुसती उभी राहून चालू असली तरी तासाला साधारण पाऊण लिटर पेट्रोल पिते, आणि एसी चालू असेल तर त्याहून जास्त. म्हणजे पाव तासाचा उतार न्यूट्रलमध्ये उतरलात तर दीडशे ते दोनशे मिलिलिटर पेट्रोल खर्च झाले. तोच उतार गिअरमध्ये उतरलात तर खर्च जवळपास शून्य झाला. ज्यांच्या गाडीत तत्काळ मायलेज दाखवणारा मीटर आहे त्यांनी स्वतः पडताळून पाहावे. गिअरमध्ये पाय काढताच तो आकडा वरच्या टोकाला जाऊन थांबतो, आणि न्यूट्रलमध्ये मात्र खाली उतरतो.

मग जुन्या चालकांचा समज आला कुठून? कार्बोरेटरच्या, म्हणजे संगणकाऐवजी हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या पेट्रोल गाड्यांमध्ये, काही अपवाद सोडले तर, इंधन तोडण्याची सोय नव्हती. थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या हवेचे दार) बंद असताना इंजिन वेगाने फिरत राहिले की आत तीव्र निर्वात निर्माण होई आणि आयडल जेटमधून, म्हणजे उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवणाऱ्या बारीक छिद्रातून, पेट्रोल ओढले जात राही. अशा गाडीत न्यूट्रलने थोडे पेट्रोल खरोखरच वाचत असे, आणि त्या काळात शिकलेल्या माणसाचा अनुभव खोटा म्हणता येणार नाही. डिझेल ट्रकच्या बाबतीत मात्र हा समज त्या काळीही चुकीचाच होता. यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनात पाय काढल्यावर फेरे आयडलच्या वर असतील तर गव्हर्नर (फेरे आवरणारी यंत्रणा) पंपाचा रॅक, म्हणजे डिझेलचे प्रमाण ठरवणारी पट्टी, मागे ओढून डिझेल बंदच करतो. म्हणजे लॉरी न्यूट्रलवर सोडून डिझेल वाचवणारे चालक उलट आयडलचे डिझेल जाळत होते. म्हणूनच त्यांतले काही जण पुढे जाऊन उतारावर इंजिनच बंद करू लागले. ही सवय कशी जीवघेणी आहे ते पुढे येईलच.

सपाट रस्त्याची गोष्ट वेगळी का, हेही समजून घेण्यासारखे आहे. गिअरमध्ये असलेले इंजिन गाडीला सतत मागे खेचत असते. दूरवर टोलनाका दिसला म्हणून तुम्ही पाय काढलात आणि गाडी नाक्याच्या बरीच अलीकडे मंदावली, तर उरलेले अंतर कापायला पुन्हा ॲक्सिलरेटर द्यावा लागतो. न्यूट्रलमध्ये तीच गाडी कमाई केलेल्या वेगावर अधिक लांब जाते, आणि तेवढ्या वेळेत आयडलचे थोडेसे पेट्रोल जळले तरी एकूण खर्च कमी होऊ शकतो. काही युरोपीय गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये अशा वेळी इंजिन आपोआप वेगळे करण्याची सोय असते, ती याच कारणाने. पण तिथे पुन्हा जोडणी करण्याचे काम यंत्र करते आणि ब्रेकला स्पर्श होताच ते इंजिन परत जोडते. आपल्या हातातल्या गिअरला ही जाणीव नसते. अचानक कोणी आडवे आले आणि वेग वाढवून वाचायचे असले, तर क्लच, योग्य गिअर, मग ॲक्सिलरेटर यांत मौल्यवान क्षण जातात. सपाटीवर टॉप गिअरमध्ये पाय अगदी हलका ठेवून गाडी वाहू दिली तर न्यूट्रलच्या बचतीचा मोठा भाग तसाही पदरात पडतो.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे घाटाकडे येऊ. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरपेक्षा उंच आहे. तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलात की गाडी १,२०० मीटरांहून अधिक खाली येते. माणसे आणि सामान धरून १,४०० किलोची गाडी १,२०० मीटर खाली आणताना साधारण १६.५ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, कारण वर होता तेवढाच वेग तुम्हाला खाली हवा असतो. हवेचा आणि टायरांचा विरोध तिच्यातला काही भाग घेतो. वळणावळणाच्या घाटात वेग कमी असल्याने हवेचा वाटा लहानच राहतो. उरलेली सगळी उष्णता एक तर इंजिनात जाते, नाही तर ब्रेकमध्ये. या १६.५ मेगाज्यूल उष्णतेत नळाचे ५० लिटरहून अधिक पाणी उकळेल. इंजिनाला ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी रेडिएटर, पंखा आणि सायलेन्सर आहे. ब्रेकच्या डिस्कला फक्त अंगावरून जाणारा वारा आहे, आणि मागच्या चाकांच्या बंद ड्रमला तोही नीट मिळत नाही.

ब्रेक तापले की काय होते, ते क्रमाने सांगतो. आधी डिस्कवर घासणारे पॅड आणि ड्रमला आतून घासणारे लायनर यांची पकड कमी होते. पेडल पूर्वीसारखेच कडक लागते, पण गाडी थांबत नाही. जळका, उग्र वास येतो. ड्रम ब्रेकमध्ये तापलेला ड्रम फुगून लायनरपासून दूर जातो आणि पेडल खोल जाऊ लागते. त्यानंतरचा टप्पा ब्रेक ऑइलचा. डॉट ३ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषते, आणि ठरावीक प्रमाणात ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १४० अंश आहे. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. कोकणातला पावसाळा काढलेल्या आणि वर्षानुवर्षे ऑइल न बदललेल्या गाडीत ते कॅलिपरजवळ (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाजवळ) उकळले की वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र सहज दाबली जाते. म्हणून पेडल फळीला टेकते आणि चाकापर्यंत जोर पोहोचतच नाही. लोक याला ‘ब्रेक फेल’ म्हणतात. गाडी गॅरेजमध्ये येते तेव्हा सगळे थंड झालेले असते, पेडल पुन्हा ठीक लागते, आणि चालक खोटे बोलतो असे मालकाला वाटते. चालक खोटे बोलत नसतो. बहुतेक वेळा एवढेच असते की त्याने संपूर्ण घाट ब्रेकवर उतरलेला असतो.

जड वाहनांत हेच गणित किती वाढते पाहा. १८.५ टनांचा भरलेला ट्रक ५ टक्के उतारावर ताशी ४० किलोमीटरच्या स्थिर वेगाने उतरत असेल तर गुरुत्वाकर्षण त्याला जवळजवळ १०० किलोवॅट, म्हणजे सुमारे १३५ अश्वशक्ती, इतक्या ताकदीने ढकलत असते. अनेक मध्यम ट्रकांच्या इंजिनांची स्वतःची ताकदही साधारण याच पट्ट्यात येते. ही ताकद घाट संपेपर्यंत मिनिटामागून मिनिट केवळ लायनरने पेलावी, ही अपेक्षाच चूक आहे. त्यात ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात आणि ती हवा भरणारा कंप्रेसर इंजिनावर फिरतो. न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलवर असल्याने कंप्रेसर मंद चालतो, आणि चालक मात्र पुन्हा पुन्हा ब्रेक मारून टाकीतली हवा उपसत असतो. इंजिन बंद केले तर कंप्रेसरही थांबतो आणि स्टिअरिंगची पॉवरही जाते. हवेचा दाब फार उतरला की स्प्रिंग ब्रेक, म्हणजे एरवी हवेच्या दाबाने सुटे राहणारे ब्रेक, आपोआप बसू लागतात, तेही चालकाला नको त्या क्षणी, कदाचित ऐन वळणावर. लहान गाडीत इंजिन बंद केले तर ब्रेक बूस्टरमध्ये (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यात) साठलेल्या निर्वातावर दोन-तीन वेळाच हलका ब्रेक लागतो. त्यानंतर पेडल दगडासारखे होते. किल्ली चुकून पूर्ण मागे फिरली तर स्टिअरिंग लॉक होण्याचा धोका आहे तो वेगळाच.

इंजिन बंद करून उतरण्यात गिअरबॉक्सचेही नुकसान आहे. ते सहसा कोणी सांगत नाही, म्हणून इथे नोंदवतो. बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये वरच्या शाफ्टपर्यंत तेल उडवण्याचे काम खालचा काउंटर शाफ्ट करतो, आणि तो इंजिनाकडून फिरतो. इंजिन बंद आणि गाडी धावती असेल तर चाकांशी जोडलेला वरचा मेन शाफ्ट वेगाने फिरतो, पण त्याच्यावरच्या बेअरिंगांना तेल नीट मिळत नाही. बंद पडलेला ट्रक टो करून नेताना प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) सोडवायला सांगतात, त्याचे एक कारण हेच आहे.

पुण्याजवळचा कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार या संदर्भात मुद्दाम पाहण्यासारखा आहे. साताऱ्याकडून येणारी वाहने तिथे बोगद्यातून बाहेर पडून शहराकडे उतरतात. हा उतार बोरघाटासारखा अंगावर येणारा नाही, आणि मोह होतो तो नेमका त्यामुळेच. रस्ता रुंद आणि बराचसा सरळ दिसतो, गाडी आपोआप पळते, आणि खाली पोहोचेपर्यंत समोर शहराची वाहतूक उभी असते. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री नवले पुलाजवळ एका ट्रकमुळे झालेल्या साखळी अपघातात चाळीसहून अधिक वाहनांचे नुकसान झाले, आणि हा तिथला एकमेव अपघात नाही. न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून हा उतार उतरू नका, असे जड वाहनांच्या चालकांना पोलिसांनी वारंवार बजावले आहे. माझ्या मते नुसते बजावणे पुरेसे नाही, कारण डिझेलच्या हिशेबावर बोलणी खाणारा चालक कागदावरची सूचना ऐकत नाही. न्यूट्रलने डिझेल वाचत नाही, हे गाडीच्या मालकाला पटेल तेव्हाच ही सवय सुटेल.

इथे पेट्रोल आणि डिझेल यांतला एक फरक सांगायला हवा. पेट्रोल इंजिनात पाय काढला की थ्रॉटल बंद होतो, आणि पिस्टनला बंद दारातून हवा ओढावी लागते. त्यामुळे गाडी चांगली आवरली जाते. जुन्या डिझेल इंजिनात असे दारच नसते. पिस्टन हवा दाबतो खरा, पण दाबलेली हवा स्प्रिंगसारखी उसळून बरीचशी ऊर्जा परत देते. म्हणून जड डिझेल वाहनाला नुसत्या इंजिनाची ओढ पुरत नाही आणि एक्झॉस्ट ब्रेक लावतात. त्यात सायलेन्सरच्या वाटेवर एक झडप बंद होते आणि इंजिनाला धूरनळीत अडलेल्या हवेविरुद्ध काम करावे लागते. अमेरिकेत क्लेसी कमिन्स हे डिझेल इंजिनांचे निर्माते १९३१ मध्ये कॅलिफोर्नियातील कॅहोन खिंड ट्रकने उतरत असताना ब्रेक तापून निकामी झाले आणि एका मालगाडीशी होणारी टक्कर थोडक्यात टळली. त्यांनी पुढे दाबलेली हवा उसळण्याआधीच बाहेर सोडून देणारी युक्ती विकसित केली, आणि १९६१ मध्ये ती ‘जेक ब्रेक’ म्हणून बाजारात आली. तुमच्या ट्रकला किंवा बसला एक्झॉस्ट ब्रेक असेल तर हे ध्यानात ठेवा की गाडी न्यूट्रलमध्ये असताना तो चाकांवर काहीही परिणाम करू शकत नाही.

आता इंजिन झिजण्याच्या भीतीविषयी. आवाज मोठा म्हणजे ताण मोठा, असे नसते. चढावर त्याच फेऱ्यांना सिलिंडरमध्ये स्फोट होत असतात. उतारावर इंधनच बंद असल्याने आत जाते ती फक्त हवा, आणि पिस्टन, बेअरिंग यांच्यावरचा भार त्या मानाने पुष्कळ कमी असतो. फेरे लाल रेघेच्या बरेच खाली असतील तर ३,००० किंवा ३,५०० आरपीएमवर तासभर उतरण्यानेही निरोगी इंजिनाला काही होत नाही. एक लक्षण मात्र पाहून ठेवावे. लांब उतार संपवून पुन्हा ॲक्सिलरेटर देताच मागून निळसर धुराचा लोट आला, तर पेट्रोल इंजिनात तो बहुधा झडपांचे ऑइल सील थकल्याचा पुरावा असतो, कारण उतारावरच्या निर्वातामुळे ऑइल आत ओढले गेलेले असते. सील आधीच खराब झालेले असतात. उतार फक्त ते दाखवून देतो.

खरे नुकसान होते ते चुकीच्या पद्धतीने गिअर उतरवल्यामुळे. ताशी ८० वर असताना घाईत पहिला गिअर टाकून क्लच सोडला, तर चाके इंजिनाला मर्यादेबाहेर फिरवतात, आणि तिथे संगणकही काही करू शकत नाही, कारण तो इंधन तोडू शकतो, चाके नाही. झडपा पिस्टनवर आदळलेली इंजिने मी उघडली आहेत. म्हणून क्रम असा ठेवावा की उतार सुरू होण्याआधी ब्रेकने वेग कमी करावा, मग गिअर उतरवावा, आणि क्लच सोडताना ॲक्सिलरेटरला किंचित स्पर्श करून इंजिनाचे फेरे चाकांशी जुळवून घ्यावेत. जुन्या ट्रकचे चालक डबल क्लच मारतात, म्हणजे एक गिअर बदलताना दोनदा क्लच दाबतात, ते याचसाठी. अशा ट्रकमध्ये उतारावर वेग घेतल्यानंतर न्यूट्रलमधून खालचा गिअर पडतच नाही, गरगर आवाज करून परत येतो, आणि तेव्हा चालकाच्या हातात ब्रेकशिवाय काहीही उरत नाही.

कोणता गिअर निवडावा यासाठी ‘चढाला जो गिअर लागतो तोच उताराला’ हा जुना नियम अजूनही चांगला आहे. आजच्या ताकदवान गाड्या तिसऱ्या गिअरमध्येही घाट चढतात, तिथे उताराला एक गिअर खाली घ्यावा लागू शकतो. कसोटी सोपी आहे: सरळ पट्ट्यात ब्रेकला न शिवता गाडीचा वेग हळूहळू वाढत राहिला तर गिअर अजून एकाने खाली हवा. बहुतेक लहान गाड्यांत पाचव्या गिअरपेक्षा दुसऱ्यात इंजिनाची ओढ चाकांवर दुपटीहून जास्त होते, त्यामुळे एका गिअरचा फरकही पायाला लगेच जाणवतो.

गिअरमध्ये उतरताना ब्रेक लावायचेच नाहीत, असा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. वळणाआधी ब्रेक लागतोच. पाय ब्रेकवर हलका टेकवून संपूर्ण उतार घासत जाण्यापेक्षा वेग वाढल्यावर ठाम ब्रेक मारून तो दहा-एक किलोमीटरने कमी करावा, मग पाय पूर्ण उचलावा आणि डिस्कला वारा लागू द्यावा. मागून कोणी जवळ असेल तर नुसत्या इंजिनाने गाडी मंदावताना मागचे लाल दिवे लागत नाहीत, म्हणून ब्रेकला हलका स्पर्श करून त्याला इशारा द्यावा. क्लच दाबून उतरणे म्हणजे न्यूट्रलच होय, वर क्लच दाबल्यावर फिरणाऱ्या रिलीज बेअरिंगची झीज फुकट. वळणावर क्लच दाबण्याची सवय नव्या चालकांना फार असते. ती मी सर्वांत आधी मोडतो.

शहरात गणित पालटते. प्रत्येक सिग्नलला पाचवा, चौथा, तिसरा, दुसरा असे गिअर उतरवत थांबण्याची काहीच गरज नाही. ब्रेक पॅड स्वस्त आहेत आणि क्लच महाग आहे. आहे त्या गिअरमध्ये ब्रेक लावावा, फेरे हजाराच्या जवळ आले की क्लच दाबून न्यूट्रल करावा आणि थांबावे. उभ्या गाडीला न्यूट्रलच योग्य.

पावसाळ्यात आणि शेवाळलेल्या, चिखलाच्या रस्त्यावर एक सावधगिरी हवी. इंजिनाची ओढ फक्त इंजिनाशी जोडलेल्या चाकांवर येते. बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागे वजन नसताना, ओल्या वळणात, झटक्याने गिअर उतरवला तर मागची चाके घसरून गाडी फिरू शकते. मोटारसायकलवर हेच मागच्या चाकाच्या बाबतीत होते. उपाय म्हणजे वळणाआधी, सरळ रस्त्यावर, क्लच सावकाश सोडत गिअर उतरवणे. न्यूट्रल हा इथेही उपाय नाही. गिअर नसलेल्या स्कूटरवर इंजिनाची ओढ मुळातच कमी असते आणि वेग फार उतरला की तिचा क्लच स्वतःच सुटतो, त्यामुळे स्कूटरने घाट उतरणाऱ्यांनी सुरुवातीपासूनच वेग कमी ठेवून मध्ये मध्ये थांबावे.

घाटात जळका वास आला किंवा पेडल मऊ लागले, तर गाडी न्यूट्रलमध्ये अजिबात टाकू नये; पेडल भराभर दाबून-सोडून जमेल तेवढा जोर मिळवावा, एकेक करून गिअर उतरवावा आणि हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढावा. गाडी सुरक्षित जागी थांबल्यावर चाकाखाली दगड लावावा आणि पहिला गिअर टाकून इंजिन बंद करावे. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, ती वाकते किंवा तडकते. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक आवळून ठेवू नये, कारण ड्रम थंड होऊन आकसला की लायनर अडकून बसतो. अर्धा तास वारा लागू द्यावा, पेडल पुन्हा कडक लागते का ते पाहावे, आणि खाली पोहोचल्यावर ब्रेक ऑइल बदलून घ्यावे, मग पेडल कितीही ठीक वाटत असले तरी. एकदा उकळलेल्या ऑइलवर विसंबू नये. एरवीही दर दोन वर्षांनी ते बदलावे, आणि कोकणात राहणाऱ्यांनी त्यात चालढकल करू नये.